मढ्याच्या टाळूवरचं लोणी आणि एम्प्रेस मिल

भांडवलशाहीवर वाद सुरू झाला की एक वाक्प्रचार हमखास बाहेर पडतो: मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक! म्हणजे काय, तर कोणाचं तरी वाईट झाल्याशिवाय कोणाचं भलं होत नाही, नफा ही शेवटी दुसऱ्याच्या अडचणीची किंमत असते. समोरचा लगेच म्हणतो, अरे बाबा, दुष्काळात धान्य आणणारा व्यापारी पैसे कमावतो, पण धान्यही आणतोच ना? मग आवाज चढतात आणि शेवटी प्रत्येक जण आपापल्या मतासकट घरी जातो.

मी पडलो प्रोग्रॅमर. 'अवलंबून आहे' हा शब्द ऐकला की मला आधी डिपेंडन्सी आठवते. एखादा प्रोग्रॅम एखाद्या लायब्ररीवर अवलंबून आहे की नाही हे शोधायचा साधा उपाय म्हणजे ती लायब्ररी काढून टाकायची आणि बिल्ड होतंय का ते बघायचं. झालं तर ती नुसतीच पडून होती. नाही झालं, तर डिपेंडन्सी! हीच टेस्ट इतिहासावर लावून बघू म्हटलं. त्यासाठी मँचेस्टरला जायची गरज नाही, आपलं नागपूर पुरेसं आहे. कारण या शहराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी कापसाचा इतिहास आहे आणि कापसात कोणाचं ना कोणाचं दुर्दैव कायम गुंतलेलं आहे.

सुरुवात एका मृत्यूपासून करावी लागते. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा प्रश्न निकालात काढला आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात गेले, ती गोष्ट नागपुरात अजून सांगितली जाते. पण डलहौसीच्या टिपणात राज्य ताब्यात घेण्याचा एक फायदा म्हणून कापसाचाही हिशोब आहे, हे कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा आणि नागपूर हातात आलं तर त्याची सोय होईल, असा तो हिशोब. शेजारचं वऱ्हाड त्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, निजामाकडून फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांकडे आलं होतं. म्हणजे एक राजा निपुत्रिक आणि दुसरा कर्जबाजारी, दोघांच्या अडचणीतून कापसाचा अख्खा पट्टा एका हाती आला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात ते उगाच नाही.

तरीही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हा कापूस मनापासून नको होता. आपला धागा आखूड, शिवाय गाठींमध्ये कचरा. अमेरिकेचा कापूस लांब धाग्याचा आणि मुबलक. इंग्लंडच्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग तिकडून यायचा. तो स्वस्त का होता? कारण तो पिकवणारे गुलाम होते. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती. इथे टेस्ट लावायची फारशी गरजच नाही. गुलामी काढली की ते मळे त्या रूपात चालणं शक्य नव्हतं, आणि हे मळेवाल्यांनाच इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यासाठी त्यांनी युद्ध पुकारलं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरचा कापूस आटला. १८६२ च्या अखेरीस तिथे सुमारे ५ लाख माणसं मदतीवर जगत होती. गंमत बघा, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. नाकेबंदीमुळे ज्यांची चूल विझली तेच लोक गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिले! लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला त्यांना उत्तरही दिलं.

आणि इकडे मुंबईत पैशाचा पाऊस. जो कापूस कोणी विचारत नव्हतं त्याला सोन्याचा भाव आला. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले असा अंदाज केला जातो. एवढा पैसा ठेवायचा कुठे? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या योजना निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे राजे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा आहे. विदर्भातही पैसा आला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी त्या काळच्या इंग्रजी लिखाणात सापडतात. धावा खऱ्या असोत की नसोत, लोकांच्या हाती चार पैसे खुळखुळले हे नक्की.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. लाखो गुलामांच्या सुटकेची ही बातमी, पण मुंबईच्या बाजारासाठी ती अवकळा ठरली. भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्यांचा हिशोब पुरा करायचा होता, तो कोणालाच करता येईना. बँका बुडाल्या, प्रेमचंद बुडाले. म्हणजे मुंबईच्या त्या तेजीवर आपली टेस्ट लावली तर निकाल स्पष्ट आहे: अमेरिकेतलं युद्ध काढलं, बिल्ड फेल!

बुडालेल्यांत नसरवानजी टाटाही होते. त्यांचा मुलगा जमशेटजी तेव्हा पंचविशीत होता आणि कापसाच्याच व्यवहारासाठी लंडनमध्ये होता. हातातल्या हुंड्या कागदाच्या मोलाच्या झाल्या. पण लंडनच्या धनकोंनी या तरुणाला तुरुंगात धाडलं नाही, उलट आपल्याच पेढीची आवराआवर करायचं काम पगारावर त्याच्याकडे सोपवलं. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टाटांना परत उभं केलं तेही एका युद्धाने. १८६८ मध्ये इंग्रजांनी नेपियरच्या हाताखाली मुंबईहून ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, फौज पाठवली. त्या फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटात नसरवानजींचा वाटा होता. तिकडे मॅग्डालाचा किल्ला पडला, राजा थिओडोरने स्वतःला गोळी घालून घेतली आणि इकडे टाटांच्या घरात भांडवल आलं. त्यानंतर जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि नफ्यात विकली. मग मोठ्या गिरणीसाठी जागा शोधत ते आले नागपूरला.

आता खरी परीक्षा इथे आहे. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, नागपूरची गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. जागा जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची. पैसे मागायला गेले तेव्हा एका स्थानिक सावकाराने म्हणे नकार दिला, जमिनीत सोनं पुरणाऱ्याला पैसे कोण देणार? पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती टाकून सोनं काढलं. भांडवल १५ लाख रुपये, सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग.

पैसा कुठून आला ते आपण पाहिलं. तेजी, मंदी, लढाई. पण गिरणी चालली कशावर? अमेरिकेचं युद्ध संपून १२ वर्षं झाली होती आणि मॅग्डालाला ९. टेस्ट लावा: ती दुर्दैवं काढून टाकली तरी १८७७ नंतरची गिरणी चालतेच. कापूस शेजारी पिकत होता, वरोऱ्याच्या खाणीत कोळसा होता, १८६७ पासून रेल्वे नागपूरपर्यंत आलेली होती. सुरुवातीला यंत्रं स्वस्तातली घेतली, ती नीट चालेनात, शेअरचा भाव पडला. मग चांगली यंत्रं आणली, नव्या रिंग चात्या हिंदुस्थानात जवळजवळ सगळ्यांच्या आधी वापरून बघितल्या, आणि गिरणी नफ्यात आली. यात कोणाच्या मढ्याचं लोणी आहे असं थेट म्हणता येत नाही. सूत कातून पोट भरणाऱ्या बायकांचं काम गिरणीच्या सुताने गेलं हे खरं, पण कोष्ट्यांच्या मागाला तेच सूत स्वस्तात मिळालं हेही खरं. रेल्वेने बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे रिकामे केले, पण गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवर कापूस न्यायची कटकटही संपवली. नवं काही आलं की जुन्याचं नुकसान होतं, पण गिरणी त्या नुकसानीवर चालत नाही.

म्हणजे आरोप खोटा? थांबा. अजून एक माणूस या गोष्टीत आहे, त्याच्याकडे वळायचं राहिलं.

तेजीत शेतकऱ्याला पैसे मिळाले, तसं सावकाराकडून कर्जही सहज मिळायला लागलं, कारण कापूस तारण होता. १८६५ नंतर भाव पडले. सरकारचा शेतसारा मात्र रोखीत आणि लांब मुदतीसाठी ठरलेला, भाव पडला म्हणून तो कमी होत नाही. कर्ज तसंच राहिलं. १८५९ च्या कायद्याने अशा कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आली. हेतू चांगला, पण सावकार काय करायचा, तर दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद लिहून घ्यायचा. पुणे जिल्ह्यात सुपे गावी १२ मे १८७५ ला लोकांनी सावकारांची घरं फोडली, कर्जाचे कागद जाळले, ते याच चक्रातून. माणसांना फारसा हात लावला नाही, कागद जाळले! आपला शत्रू नेमका कुठे लिहून ठेवलाय हे त्यांना कळलं होतं.

या सावकारीवर टेस्ट लावली तर? शेतकऱ्याची अडचण काढून टाका. वेळेवर फिटणाऱ्या कर्जात या सावकाराला रस नव्हता, त्याचा डोळा जमिनीवर होता. बिल्ड फेल. म्हणजे एकाच कापसावर दोन धंदे उभे होते. एकाला दुसऱ्याचं दुर्दैव सुरुवातीला कामी आलं, पण पुढे लागलं नाही. दुसऱ्याला ते दर हंगामात नव्याने लागत होतं. दोघांना एकाच शिवीत बसवलं की विचार तिथेच थांबतो.

पण मला त्याहून मोठा फरक दुसराच वाटतो. १८६५ मध्ये बुडाले सगळेच: प्रेमचंद बुडाले, टाटा बुडाले, शेतकरी बुडाला. पण जे व्यापारी बुडाले त्यांच्यासाठी बाहेर पडायचं दार होतं. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा इथे १८५७ मध्येच आला होता. मुंबईच्या दिवाळखोरांची प्रकरणं मिटवायला १८६५ मध्ये खास कायदा झाला. टाटांना धनकोंनी सवड दिली, प्रेमचंद पुन्हा व्यापारात आले आणि १९०६ पर्यंत जगले. यात वाईट काहीच नाही. बुडालेल्याला पुन्हा उभं राहता आलं नसतं तर एम्प्रेस मिलही झाली नसती. प्रश्न इतकाच, की हे दार शेतकऱ्याच्या घराला का नव्हतं? त्याचा तोटा त्याच्याबरोबर मरतही नव्हता, तो पोरांच्या नावे लागत होता.

आमच्याकडे एखादं फंक्शन एरर सांभाळू शकत नसेल तर ती वर फेकतं, ज्याने बोलावलं त्याच्याकडे. बाजारात उलट होतं. एरर वरून खाली फेकली जाते आणि जो सगळ्यात खाली उभा, त्याच्या अंगावर पडून प्रोग्रॅम बंद पडतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले. रेल्वे होती, धान्य आणता येत होतं, पण धान्य भुकेकडे जात नाही, पैशाकडे जातं. कापूस लावलेल्या शेतात ज्वारी नव्हती आणि कापूस विकून ज्वारी घ्यायला हातात पैसे उरले नव्हते. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायची सोडून जवळपास १ लाख ४३ हजारांनी कमी! सोन्याच्या कुऱ्हाडीचा घाव कोणावर बसला ते या आकड्यात दिसतं.

हे असंच असायला पाहिजे का? नाही, आणि याचा पुरावाही त्याच एम्प्रेस मिलमध्ये आहे. जमशेटजींनी कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये. म्हणजे २८ वर्षं आधी एका गिरणीने ठरवलं की यंत्रात हात गेला तर ते दुर्दैव फक्त कामगाराच्या खात्यावर लिहायचं नाही, थोडं कंपनीच्याही लिहायचं. गिरणी यामुळे बुडाली नाही, उलट भरभराटली. कामगाराचे दिवस सुखाचे होते असं मी म्हणत नाही. मोठ्या पुरुष कामगाराने किती तास राबायचं याला १९११ पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. पण तोटा कोणाच्या अंगावर टाकायचा हे माणसं ठरवतात, आभाळातून पडत नाही, एवढं यातून दिसतं.

पुढची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. १९८६ मध्ये एम्प्रेस मिलची कंपनी बुडीत निघाली, गिरण्या राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि २००२ मध्ये कायमच्या बंद झाल्या. भांडवल तोवर केव्हाच दुसऱ्या धंद्यांत गेलेलं होतं. कामगाराला मात्र मागावरचा हात उचलून दुसऱ्या धंद्यात ठेवता येत नाही. आता त्या जागेवर मॉल आहे.

आणि शेतकरी? २०१० मध्ये पाकिस्तानात महापूर आला, तिथला कापूस वाहून गेला, जगात टंचाई झाली. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला, इतका भाव त्या बाजाराने कधी पाहिला नव्हता. म्हणजे दीडशे वर्षांनी पुन्हा दुसऱ्याच्या दुर्दैवातून विदर्भाचं भलं व्हायची वेळ आली. पण त्या हंगामात आपल्या सरकारने निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा घातली, देशातल्या गिरण्यांना कापूस महाग पडू नये म्हणून. गिरणीवाल्यांची बाजूही खोटी नव्हती, सूत महागलं की मागवाले बसतात. पण मग भाव पडतो तेव्हा? तेव्हा मात्र बाजार मुक्त असतो. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती आणि त्यापुढच्याला उरलेलं कर्ज फेडलं तर २५ टक्के सूट. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन अनेकदा दोन हेक्टरहून जास्त आणि पीक त्या मानाने अर्धं. शिवाय सावकाराचं कर्ज त्या माफीत बसतच नव्हतं. १८६५ मध्ये नव्हतं ते दार २००८ मध्ये किलकिलं झालं, पण नेमकं ज्याला जायचं होतं त्याला त्यातून जाता आलं नाही.

तर माझं उत्तर असं. पाकिस्तानात पूर आला म्हणून यवतमाळच्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले तर त्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणणार का? मी तरी नाही म्हणणार. एका ठिकाणी टंचाई झाली की दुसरीकडे भाव वाढणार, त्यातून कोणी तरी कमावणार, आणि त्याच भावामुळे माल टंचाईकडे निघणार. यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्याला अडचणीत ठेवण्यावरच जो धंदा उभा असतो त्याचा, मग तो अमेरिकेतला मळेवाला असो की कागद बदलत राहणारा सावकार. आणि भांडवलशाही म्हणून आपण जे काही चालवतो त्याचा खरा दोष मला यात दिसतो, की बुडायचा हक्क तिने कंपनीला दिला आणि माणसाला द्यायला ती शतक-दीड शतक टाळाटाळ करत राहिली. कंपनी बुडते तेव्हा मालकाचं घर शाबूत राहतं. कापूसवाला बुडतो तेव्हा घर, शेत आणि कधी कधी माणूसही जातो.

दुर्दैव संपवता येईल असं मला वाटत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, अमेरिकेचं युद्ध तर नाहीच. पण तोटा वाटून घ्यायचे नियम कागदावर लिहिलेले असतात, आणि कागद बदलता येतो. सुप्याच्या लोकांना ते कळलं होतं, फक्त त्यांच्या हातात काडेपेटीशिवाय दुसरं काही नव्हतं. आपल्या हातात मत आहे, कायदा आहे, आकडे आहेत. तेव्हा पुढच्या वेळी वाद झाला तर नफा कुठून आला एवढंच विचारून थांबू नका. तोटा झाला असता तर तो कोणाच्या दारात गेला असता, तेही विचारा.